कोडमधून तयार होणाऱ्या बटणांना रंगरूप कसं द्यायचं? डब्ल्यूपीएफ नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या गोडाऊनसाठी मी डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोजचे डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, स्टॉकचं सॉफ्टवेअर करत होते. स्क्रीनवर प्रत्येक डिझाईनचं एक बटण हवं होतं. डिझाईन किती, तर रोज वेगळी. आज छत्तीस, उद्या एखादी बंद होणार, परवा चार नवी येणार. म्हणजे बटणं हाताने ओढून स्क्रीनवर ठेवण्यात अर्थ नव्हता. डेटाबेसमधून यादी वाचायची आणि तेवढी बटणं कोडनेच तयार करायची, असं ठरवलं.

बटणं आली. पण वर मी हाताने ठेवलेलं 'सेव्ह' बटण छान निळं, गोल कोपऱ्यांचं, आणि त्याच्याखाली विंडोजची तीच करडी चौकोनी बटणं, ओळीने छत्तीस. गोडाऊनचे मेस्त्री शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडम, वरचं एक निळं अन् खालची सगळी फिकी का दिसलालीत ओ?"

या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळायला मला बरेच दिवस गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून क्रमाने लिहिते. कोडच्या अख्ख्या ओळी देत नाही, पण मेथड आणि प्रॉपर्टींची नावं जशीच्या तशी, फक्त देवनागरीत देते. व्हिज्युअल स्टुडिओत पहिली दोन-तीन इंग्रजी अक्षरं टाईप केली की बाकीचं ते सुचवतंच.

सुरुवातीला काय काय लागेल

- विंडोज असलेला कॉम्प्युटर. डब्ल्यूपीएफचे प्रोग्रॅम दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नाहीत.
- व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी. शिकणाऱ्यांना फुकट मिळतं. इन्स्टॉल करताना डॉटनेट डेस्कटॉप डेव्हलपमेंटवर टिक करायला विसरू नका.
- सी शार्पची तोंडओळख: क्लास, लूप, इव्हेंट एवढं आलं तरी पुरे.
- एक वही. ही कशाला, ते पहिल्याच पायरीत सांगते.

डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉटनेट फ्रेमवर्क ३.० बरोबर आलं. २०१८ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने त्याचा सोर्स कोड खुला केला आणि २०१९ मध्ये ते डॉटनेट कोअर ३.० मध्येही आलं. स्टाईलचे, म्हणजे रंगरूप ठरवायचे, मूळ नियम मात्र तेच राहिले. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचं एखादं उत्तर सापडलं, तर जुनं म्हणून सोडून देऊ नका. या विषयात ते बहुतेक वेळा आजही चालतं.

१. रंग आधी वहीत लिहा, आणि त्यांना कामाची नावं द्या

आपल्याकडे डाईंगला सूत पाठवताना कुणी "जरा गडद मरून द्या" असं सांगत नाही. शेड कार्डावरचा नंबर लिहून देतात. उद्या त्या नंबराची शेड थोडी बदलली तरी मागावरच्या डिझाईनच्या कागदाला हात लावावा लागत नाही. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे. कोडने फक्त नंबर सांगायचा, रंग कार्डावर ठरेल.

मालकांबरोबर बसून यादी करा. माझ्या यादीत चारच नावं निघाली: पुरेसा साठा, कमी साठा, ऑर्डरमध्ये अडकलेला, बंद डिझाईन. 'लालबटण' असं नाव ठेवू नका. चार महिन्यांनी कमी साठ्याचा रंग केशरी झाला, की 'लालबटण' नावाचं केशरी बटण सांभाळत बसाल.

२. स्टाईल वेगळ्या फाईलमध्ये ठेवा

प्रोजेक्टमध्ये एक रिसोर्स डिक्शनरी जोडा, म्हणजे रंग आणि स्टाईल नावाने साठवायची फाईल. आधी ब्रश लिहा, म्हणजे रंग. मग त्या ब्रशांवर उभ्या राहणाऱ्या स्टाईल. प्रत्येकीला टार्गेटटाईप, म्हणजे ती कशासाठी आहे ते (इथे बटण), आणि एक की, म्हणजे तिचं नाव. मग ॲप डॉट झॅमल या फाईलमधल्या मर्ज्डडिक्शनरीज विभागात ही फाईल जोडा. झॅमल म्हणजे डब्ल्यूपीएफमध्ये स्क्रीनची मांडणी लिहायची भाषा.

सापळे दोनच. की मध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. आणि दोन मर्ज केलेल्या फायलींमध्ये एकच की असेल, तर शेवटी जोडलेल्या फाईलमधली चालते.

३. कोडमध्ये बटण बनवा आणि स्टाईल जोडा

मेस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. स्टाईलला की दिली, की ती आपणहून कुठल्याच बटणाला लागत नाही. 'सेव्ह' बटणावर मी ती झॅमलमध्ये लिहून दिली होती, म्हणून ते निळं होतं. कोडने बनवलेल्या बटणांना कुणी दिलीच नव्हती.

ती द्यायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, फाइंडरिसोर्स. या मेथडला की द्यायची, मिळालेली वस्तू स्टाईल या टाईपमध्ये कास्ट करायची आणि बटणाच्या स्टाईल प्रॉपर्टीत ठेवायची. सोपा आहे, पण ही मेथड कुणावर चालवता याला महत्त्व आहे. नुकतंच बनवलेलं बटण अजून कुठल्याच पॅनेलमध्ये नसतं, म्हणजे त्याला कुणी पालक नसतो. फाइंडरिसोर्स शोध घेते ती स्वतःपासून पालकाकडे, तिथून वर वर खिडकीपर्यंत आणि शेवटी ॲप्लिकेशनमध्ये. बटणाला पालकच नसेल तर मधल्या सगळ्या पायऱ्या गळतात. स्टाईल ॲप डॉट झॅमलमध्ये असेल तर सापडते. खिडकीच्या रिसोर्सेसमध्ये असेल तर सापडत नाही आणि प्रोग्रॅम एक्सेप्शन देऊन थांबतो. म्हणून ती मेथड बटणावर नाही, खिडकीवर चालवा.

एक्सेप्शन टाळायला काही जण ट्रायफाइंडरिसोर्स वापरतात. ती न सापडल्यास नल देते. तो नल तसाच स्टाईल प्रॉपर्टीत गेला तर काम आणखी अवघड होतं, कारण स्टाईलला नल देणं म्हणजे 'कुठलीच स्टाईल नको' असं सांगणं. मग आपोआप लागणारी स्टाईलही लागत नाही आणि चूक कुठे झाली हे दिसत नाही. शिकताना तरी फाइंडरिसोर्सच वापरा. चूक असेल तर ती तिथल्या तिथे ओरडून सांगते.

दुसरा रस्ता, सेटरिसोर्सरेफरन्स. माझा आवडता. ही मेथड बटणावर चालवायची आणि तिला दोन गोष्टी द्यायच्या: कुठली प्रॉपर्टी, म्हणजे स्टाईलप्रॉपर्टी, आणि कुठली की. इथे बटण स्टाईल घेत नाही, तिचा नंबर, म्हणजे की, लक्षात ठेवतं. पॅनेलमध्ये गेल्यावर पुन्हा शोधतं. पुढे त्या कीखालची स्टाईल बदलली तर आपणहून नवी घेतं. झॅमलमध्ये डायनॅमिकरिसोर्स जे करतं, तेच हे कोडमधून.

तिसरा रस्ता, स्टाईलला की द्यायचीच नाही, फक्त टार्गेटटाईप द्यायचा. मग ती त्या हद्दीतल्या सगळ्या बटणांना आपोआप लागते, कोडने बनवलेल्यांनाही. पण हा नियम नेमक्या त्याच टाईपला लागू होतो. तुम्ही बटणापासून 'डिझाईनबटण' असा स्वतःचा क्लास काढला असेल तर त्याला ती लागणार नाही. शिवाय एखाद्या बटणाला तुम्ही की असलेली स्टाईल दिली, की ही आपोआपची तिथून पूर्ण निघून जाते. दोन्हींची बेरीज होत नाही. बेरीज हवी असेल तर की असलेल्या स्टाईलमध्ये बेस्डऑन लिहून तिला आपोआपच्या स्टाईलवर उभी करा.

मी सगळ्या बटणांचा सामाईक भाग, म्हणजे कोपरे, अक्षराचा आकार, पॅडिंग, तिसऱ्या रस्त्याने देते. वेगळेपण तेवढं दुसऱ्या रस्त्याने.

४. बटणावर थेट रंग लावू नका

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणून इथे जरा थांबा.

कमी साठ्याच्या बटणाला मी कोडमध्ये सरळ बॅकग्राउंड लाल दिला होता. दिसायला ठीक. मग स्टाईलमध्ये ट्रिगर, म्हणजे 'असं झालं तर तसं कर' असा नियम, लिहिला: माऊस वर आला की रंग गडद व्हावा. इतर बटणांवर चालला, लाल बटणांवर नाही. ट्रिगर चारदा तपासला, त्यात चूक नव्हतीच.

डब्ल्यूपीएफमध्ये एका प्रॉपर्टीला एकाच वेळी अनेक जण किंमत देऊ शकतात, आणि कुणाची चालणार याचा क्रम ठरलेला आहे. चालू असलेलं ॲनिमेशन सगळ्यात वर. त्याखाली तुम्ही वस्तूवर थेट लावलेली किंमत, हिला लोकल व्हॅल्यू म्हणतात. त्याखाली स्टाईलमधले ट्रिगर, मग स्टाईलमधले साधे सेटर, म्हणजे प्रॉपर्टीला किंमत देणाऱ्या ओळी, मग विंडोजच्या थीमची स्टाईल, मग वरून वारशाने आलेली किंमत आणि सगळ्यात खाली डिफॉल्ट. कोडमध्ये थेट लाल लावलात की ती लोकल व्हॅल्यू झाली. स्टाईलमध्ये काहीही लिहा, तिच्याखालीच दबून राहणार.

म्हणून नेहमीचा रंगही स्टाईलच्या सेटरमध्येच लिहा आणि कोडमधून फक्त स्टाईल जोडा. आधी लावून ठेवलेली लोकल व्हॅल्यू काढायची असेल तर क्लिअरव्हॅल्यू मेथड आहे. पारदर्शक रंग देणं किंवा नल देणं म्हणजे काढणं नव्हे. त्याही लोकल व्हॅल्यूच.

एवढं केल्यावरही, स्टाईलमध्ये स्वतःचं कंट्रोलटेम्प्लेट (बटण आतून कसं बनतं त्याचा आराखडा) नसेल तर, माऊस नेला की बटण फिकट निळं होईल, आणि तुम्हाला वाटेल की हा नियम खोटा आहे. तसं नाही. विंडोज ८ पासून बटणाच्या मूळ कंट्रोलटेम्प्लेटमध्येच एक ट्रिगर आहे. तो बटणाच्या बॅकग्राउंडला हात लावत नाही, बटणाच्या आत बसलेल्या बॉर्डरला थेट फिकट निळी करतो. तुमचा गडद रंग बटणाला लागलेला असतो, पण आतली बॉर्डर तो दाखवत नाही. उपाय एकच: स्टाईलमध्ये स्वतःचं कंट्रोलटेम्प्लेट लिहा. एक बॉर्डर, तिचा बॅकग्राउंड टेम्प्लेटबाइंडिंगने बटणाच्या बॅकग्राउंडला बांधलेला, आणि आत बटणावरचा मजकूर दाखवणारा एक कंटेंटप्रेझेंटर. पाच-सहा ओळींचं काम आहे. बॉर्डरला कॉर्नररेडियस दिला की गोल कोपरेही इथेच मिळतात. मात्र मूळ टेम्प्लेट गेलं की दाबल्याचा आणि बंद असल्याचा देखावाही जातो, तेव्हा इझप्रेस्ड आणि इझएनेबल्ड यांचे ट्रिगर स्वतः लिहा. नाहीतर बटण दाबलं गेलं की नाही हे कळत नाही आणि माणूस तीनदा दाबतो.

५. साठा बदलला की रंग बदलावा

साठा कमी झाला की कोडने ते बटण शोधायचं आणि त्याची स्टाईल बदलायची, असं करता येतं. पण बटणं वाढली की तो शोधच डोईजड होतो. त्याऐवजी प्रत्येक बटणाच्या डेटाकॉन्टेक्स्टमध्ये त्या डिझाईनची वस्तू ठेवा आणि स्टाईलमध्ये डेटाट्रिगर लिहा.

डेटाट्रिगर फक्त 'बरोबर आहे का' एवढंच विचारू शकतो. 'पन्नासपेक्षा कमी आहे का' हे त्याला जमत नाही. म्हणून डिझाईनच्या क्लासमध्येच 'साठाकमी' अशी खरं-खोटं सांगणारी प्रॉपर्टी ठेवा, आणि साठा बदलला की आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्डमधून तशी वर्दी द्या. ही वर्दी द्यायची राहिली तर सुरुवातीचा रंग बरोबर येतो आणि मग दिवसभर बदलत नाही. सकाळी बघून खूश व्हाल, संध्याकाळी तक्रार येईल.

आणि फक्त रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसं असतात. त्याच ट्रिगरमध्ये बॉर्डरची जाडी वाढवा, बटणावर उरलेला नगही लिहा.

६. मापं आणि मराठी अक्षरं

मार्जिन कोडमधून देताना थिकनेस वापरतात. त्यातल्या चार आकड्यांचा क्रम डावं, वर, उजवं, खाली असा आहे. वेब डिझाईनमधून येणारे इथे हमखास चुकतात, कारण तिकडे सुरुवात वरून होते. मापाचं एकक म्हणजे इंचाचा ९६ वा भाग, त्यामुळे वर्डमधला १२ पॉइंटचा फॉन्ट इथे १६ लिहावा लागतो. बटण ग्रिडमध्ये टाकताना ओळ आणि रकाना बटणाच्या प्रॉपर्टीत शोधू नका. ग्रिडच्या सेटरो आणि सेटकॉलम या मेथड आहेत.

मराठी मजकुरासाठी एक गोष्ट जपा. बटणाला ठरावीक हाईट देऊ नका. इंग्रजी अक्षरांवर बेतलेली उंची 'टर्किश' किंवा 'फुलांची चौकट' अशा नावांना पुरत नाही. रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात, उकार खालून. मिनहाईट आणि पॅडिंग द्या, बटण आपली उंची स्वतः ठरवेल. फॉन्ट निर्मला यूआय ठेवा, विंडोज ८ पासून तो सोबतच येतो. तो खिडकीच्या फॉन्टफॅमिलीत एकदाच दिला की आतली बटणं वारशाने घेतात. मेन्यू आणि टूलटिप मात्र स्वतःचा फॉन्ट लावून बसतात, त्यांना वेगळा द्यावा लागतो.

७. रात्रपाळीसाठी गडद थीम

मर्ज्डडिक्शनरीजमधली दिवसाची फाईल काढून रात्रीची घालायची, एवढंच काम. पण ज्यांनी स्टॅटिकरिसोर्स किंवा फाइंडरिसोर्स वापरलंय ते बदलणार नाहीत. त्यांनी वस्तू एकदा घेतली, विषय संपला. डायनॅमिकरिसोर्स आणि सेटरिसोर्सरेफरन्स वापरणारे लगेच बदलतात. स्टाईलच्या आतल्या सेटरमध्ये ब्रशही डायनॅमिकरिसोर्सनेच घ्या. हे राहिलं तर अर्धी बटणं दिवसाची आणि अर्धी रात्रीची दिसतात.

चालू असलेल्या स्टाईलमध्ये कोडने नवा सेटर घालायचा प्रयत्न करू नका. स्टाईल एकदा वापरली गेली की तिला सील लागतं आणि एक्सेप्शन येतं. ब्रशेस क्लासमधले तयार ब्रशही गोठवलेले असतात, त्यांचा रंग बदलता येत नाही. त्या कीखाली नवा ब्रशच ठेवा.

८. छोटे सापळे, पटापट

- फॉर लूपमध्ये बटणाच्या क्लिकला लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, जोडून त्यात लूपचा आकडा वापरलात, तर कुठलंही बटण दाबा, सगळ्यांना शेवटचा आकडाच मिळतो. लूपच्या आत नवं व्हेरिएबल करून त्यात आकडा ठेवा. फॉरईचमध्ये सी शार्प ५ पासून ही अडचण नाही.
- कोडमध्ये नेम प्रॉपर्टी दिली म्हणून फाइंडनेमला ते बटण सापडेल असं नाही. त्यासाठी रजिस्टरनेम लागतं. त्यापेक्षा बटणांची स्वतःची डिक्शनरी ठेवा.
- एकच चित्र सगळ्या बटणांत घालू नका. एका वस्तूला एकच पालक असतो, दुसऱ्या बटणात घालताना एक्सेप्शन येतं. रिसोर्समधल्या चित्राला शेअर्ड फॉल्स करा.
- डेटाबेसची यादी दुसऱ्या थ्रेडवर वाचा, बटणं मात्र मुख्य थ्रेडवरच बनवा.

९. कुणाची किंमत चालतेय ते बघा

अंदाजाने बदल करत बसू नका. प्रोग्रॅम चालू असताना व्हिज्युअल स्टुडिओत लाइव्ह व्हिज्युअल ट्री उघडा, बटण निवडा आणि लाइव्ह प्रॉपर्टी एक्सप्लोररमध्ये बघा. प्रत्येक किंमत कुठून आली, लोकल, स्टाईल, वारसा की डिफॉल्ट, ते तिथे गटागटाने दिसतं. चौथ्या पायरीतला माझा सगळा गोंधळ इथे मिनिटभरात सुटला असता. स्नूप नावाचं मोफत टूलही हेच काम करतं.

१०. आता एक प्रश्न स्वतःला विचारा

ही बटणं कोडने बनवायलाच हवीत का? सगळी एकाच यादीतून येत असतील, सारखीच दिसत असतील, तर आयटम्सकंट्रोल वापरा. यादी आयटम्ससोर्सला द्या, एका बटणाचं डेटाटेम्प्लेट झॅमलमध्ये लिहा, मांडणीसाठी रॅपपॅनेल किंवा युनिफॉर्मग्रिड. बटणं डब्ल्यूपीएफच बनवतं. यादी ऑब्झर्व्हेबलकलेक्शन असेल तर डिझाईन वाढली-घटली की बटणंही वाढतात-घटतात. गोडाऊनची स्क्रीन मी शेवटी अशीच केली आणि बटणं बनवणारं लूप पुसून टाकलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या जातीची असते, एखादा फॉर्म डेटाबेसमधल्या प्रश्नांवरून उभा राहतो, तेव्हा कोडने बनवणंच सोयीचं. तुमच्याकडे काय आहे ते बघून ठरवा. आधीच्या पायऱ्या दोन्हीकडे लागतातच.

११. जिथे वापरणार तिथेच जाऊन बघा

आपल्या टेबलावरचा मॉनिटर आणि गोडाऊनमधला सारखा नसतो. तिथे डोक्यावर ट्यूबलाईट, स्क्रीनवर सुताच्या तुसाचा थर, आणि विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर. माझा केशरी तिथे पिवळा वाटत होता आणि फिकट करडी 'बंद डिझाईन' दिसतच नव्हती. मेस्त्रींना तीन फुटांवर उभं केलं आणि विचारलं, "कुठली डिझाईन संपत आलीय, सांगा." त्यांनी तीनपैकी दोन दाखवल्या. तिथेच लॅपटॉप उघडून डिक्शनरीतला एक ब्रश गडद केला, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. कोडला हात लावला नाही. मेस्त्रींनी चष्मा पुसला आणि तिसऱ्या बटणावर बोट ठेवलं.